कंपौंडाची शीव

ठाकरवाडीच्या राहीमावशीचं नाव आधी लिहितो. पुढचं लिहिताना माझा हात थांबला, किंवा छापणाऱ्यांनी जागेअभावी खालचा मजकूर कापला, तरी तेवढं नाव राहावं. लोणावळ्याच्या वर, धरणाच्या पलीकडच्या डोंगराला काही खोपटांची एक वाडी चिकटलेली आहे, तिथली ती. गवताचा भारा घेऊन बाजारात उतरते, भारा विकते, मीठ-मिरची घेऊन परत चढते. आमच्या गावातल्या कुणी तिला कधी आपली म्हटलं नाही. तिनं आमच्या धोंडूआबांना बाहेर काढलं... आमच्यापैकी कुणाला इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते तिनं केलं.

धोंडूआबा गेले. श्रावणात गेले आणि मला इथं मलायात ते कळायला कित्येक आठवडे लागले. घरचं पाकीट आलं आणि वरचं अक्षर ओळखीचं नसलं की मी ते लगेच फोडत नाही. फोडण्याआधी मी एकेकाला मनातल्या मनात मारून बघतो, म्हणजे आतलं खरं नाव वाचताना धक्का कमी बसेल. आई, मामा, बहीण... यांत आबा कधी नसायचे. हे पत्र कामशेतच्या रामभाऊंनी आपल्या शाळेतल्या मुलीकडून लिहवून घेतलं होतं. रामभाऊ तिथल्या भाताच्या गिरणीत हमाली करतात, मूळचे आमच्याच गावचे. पहिली ओळ होती, ‘आबा वारले.’ दुसरी, ‘कंपौंडातच वारले.’ त्या मुलीला दुसऱ्या ओळीचा अर्थ कळला असेल असं वाटत नाही. मी दारात तसाच बसून राहिलो. शेजारच्या खोलीतल्या तामिळ फायरमननं चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

आबा लोणावळ्याला एका शेठच्या बंगल्यावर माळी होते, आणि त्या बंगल्याच्या कुंपणाच्या आत त्यांना मरायचं नव्हतं. त्यांचं आयुष्यातलं मागणं शेवटी एवढंच उरलं होतं. ते काही फार मोठं मागणं नाही असं कुणालाही वाटेल. फाटकाची कडी काढली आणि माणूस रस्त्यावर आला, की झालं! पण तसं ते नव्हतं, आणि का नव्हतं हे सांगायचं तर गावापासून सांगावं लागतं.

आमचं गाव विजेच्या धरणात गेलं तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. आबाही घेत नसत. ते नुसतं ‘गाव’ म्हणत, आणि तेवढ्यानं आम्हाला कळायचं. पाणी चढलं तशी घरं पांगली. कुणी मुंबईला गिरणीत, कुणी पवनेकडे पाहुण्यांच्या आश्रयाला, आम्ही वडिवळ्याला मामाच्या घरी. कामशेतच्या शाळेत मी मराठी तिसरीपर्यंत गेलो. मग वडील गेले, मामानं दप्तर खुंटीला टांगलं, ते टांगलेलंच राहिलं. मिसरूड फुटल्यावर रेल्वेत खलाशाची नोकरी लागली म्हणून लोणावळ्याला आलो, तर राहायला जागा नाही. कुणीतरी म्हणालं, तुमच्या गावचा धोंडू अमक्या शेठच्या बंगल्यावर माळी आहे. गेलो. फाटकाबाहेर उभा राहून कुणाचा कोण ते सांगायला लागलो, तर आबांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही.

“गावचा हाय न्हवं तू? मंग भाईर हुबा ऱ्हाऊन काय सांगतूस? ये आत.”

मागून त्यांच्या बायकोचा, सखूआक्कांचा आवाज आला, “घ्या, आनखी येक आला. ह्यांचं गाव वाडाया लागलं!”

त्या घरानं मला वर्षानुवर्षं जेवू घातलं. आउटहौसची एक खोली, पुढं चूल, मागं शेठच्या मोटारीची शेड. शेठ मुंबईचे. ते मे महिन्यात यायचे, दिवाळीला यायचे, एरवी बंगला बंद. दर्शनी बाजूला दगडी भिंत आणि लोखंडी फाटक, बाकी तिन्ही अंगांना तार आणि तारेला लागून घायपात. या सगळ्याला कंपौंड म्हणतात हे मला तिथंच कळलं. आबांच्या तोंडी तो शब्द सारखा असायचा. कंपौंडात साप निघाला, कंपौंडाचं गवत काढलं. साहेबलोकांच्या लेखी कंपौंड म्हणजे घराभोवतीची आतली मोकळी जागा, हे मला फार पुढं समजलं. आमच्याकडे तो शब्द कधी भिंतीवर चढून बसला कुणास ठाऊक. गवंडी म्हणायचे, ‘कंपौंड बांधतोय’, म्हणजे भिंत बांधतोय. ‘कंपौंडावरून उडी मारली’ असंही आम्ही बोलायचो. आतली जागा राहिली बाजूला, अडवणारी गोष्ट तेवढी कंपौंड झाली.

आता शीव बांधण्याविषयी. आमच्या गावात आखाड लागला, रोगराईचे दिवस आले, की गावाची शीव बांधायचे. तो मान आबांच्या घराण्याचा. अनवाणी पायांनी शिवेवरून गावाला वळसा घालायचा, चारी दिशांना दहीभात आणि लिंबू ठेवायचं, नारळ फोडायचा आणि म्हणायचं, ‘आतलं आत, भाईरचं भाईर.’ दसऱ्याला सगळा गाव मिळून शिलंगणाला शीव ओलांडायचा, तेव्हा ती मोकळी. मधल्या काळात बाकीच्यांनी कुठंही जावं, पण ज्यानं बांधली त्यानं शिवेबाहेर रात्र काढायची नाही. दिवसा जावं, दिवे लागायच्या आत यावं. कारण तो माणूस हीच गाठ. गाठ जागेवरून हलली की बांधलेलं सगळं सुटलं. आणि एकदा ज्या हातानं शीव बांधली, त्याच हातानं ती दर साली बांधायची. तो हात मोकळा करायचा तर, बांधणारा जिवंत असेल तर त्याचं घर धरून, गावातली पाच घरं लागतात. पाचांनी बांधणाऱ्याला बरोबर घेऊन उलटा वळसा घालायचा आणि एका तोंडानं म्हणायचं, ‘गाव सुटलं.’ पाच घरं उभी राहिली म्हणजे गाव उभा राहिला, अशी आमच्याकडची मोजणी.

गाव पाण्यात गेल्यावर आबांना बांधायला शीव उरली नव्हती. ते बंगल्यावर माळी म्हणून लागले आणि मानमोडीच्या तापाची साथ आली. लोणावळ्याच्या बाजारात माणसं बसल्या जागी कलंडत होती. शेठचं सगळं घर मुंबईहून पळून बंगल्यात येऊन राहिलं. शेठच्या म्हाताऱ्या आईला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी कुठूनतरी आबांच्या मानाचं ऐकलं होतं. त्या आउटहौसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, मालकीणबाई असून, आणि म्हणाल्या, “धोंडू, तू गावाला बांधत होता ना? मग आमच्या बच्चांना पण बांध.”

आबांनी बांधली. चिक्कूच्या झाडांपासून मोटारीच्या शेडपर्यंत, तारेच्या कडेकडेनं फिरून बांधली. बंगल्यात त्या सालात कुणाला साधी शिंक आली नाही. तो योगायोग असेल. परमुलखात राहून मी योगायोग मानायला शिकलो आहे. पण आबांच्या हिशेबानं शीव लागू झाली होती. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की आपण काय करून बसलो. शीव गावाला बांधतात. आपण शेठच्या कुंपणाला बांधली, म्हणजे ते आपलं गाव झालं, आणि आपण त्याची गाठ झालो. धरणाची कंपनी कुठंतरी जमीन देईल, पांगलेली घरं तिथं एकत्र होतील, या आशेवर ते बंगल्यावर तात्पुरते आले होते. आता जमीन मिळाली असती तरी त्यांना जाता येणार नव्हतं.

शिकलेला माणूस म्हणेल, हा खुळेपणा. सखूआक्कासुद्धा म्हणायच्या. आखाड ते दसरा त्यांच्या तोंडाला खळ नसायचा. आबा बाजारात निघाले की ओट्यावरून ओरडायच्या, “आवं पाटील, सांज व्हायच्या आत या, न्हाईतर गाव रडंल!” कुणी पाव्हणा आला तर त्याला सांगायच्या, “केवडं गाव म्हनून इचारू नगा. चिक्कूची झाडं, येक मोटार, आन् उंदरं मोजली तर लय मोटं.” आबा हसायचे. त्यांनाही ते कळत होतं. पण एवढ्या मोठ्या साथीत पोरं जगली होती, आणि सोडून दिल्यावर एखादं दगावलं असतं तर... हा ‘तर’ त्यांना ओलांडता आला नाही. दर आखाडात मी पाहायचो, पहिल्या मंगळवारी ते पायांतल्या वहाणा काढून ठेवत आणि ओल्या गवतातून निघत. शेठना पुढं पुढं याचा पत्ताही नव्हता. मोठ्या बाई वारल्या होत्या, मुलं मोठी होऊन विलायतेला गेली होती.

मग एका भादव्यात आक्का तापानं पडल्या. त्याच सुमाराला शेठचे कुणी पाहुणे यायचे होते, तर बंगल्याचा कारभार बघणारा मुनीम येऊन म्हणाला, “आउटहौसमध्ये आजारी माणूस नको.” आक्कांचा भाऊ वडिवळ्याचाच, तो त्यांना घेऊन गेला. म्हणजे बघा, जिला कंपौंडाबाहेर जायला कसली बंदी नव्हती तिला काढून दिलं, आणि ज्याला जायचं होतं तो बांधलेला. आबा रोज सकाळच्या गाडीनं कामशेतला उतरायचे, भातखाचरांच्या बांधावरून वडिवळं गाठायचे, दिवसभर तिच्या उशाशी बसायचे आणि संध्याकाळची गाडी धरून परत. रजेच्या दिवशी मी एकदा बरोबर गेलो होतो. आंबेमोहर फुलोऱ्यात होता, त्या वासानं जीव घाबरा होत होता. निघायची वेळ झाली तशी आक्का म्हणाल्या, “आज ऱ्हावा की.”

“दसरा हू दे. मंग हलतच न्हाई बग हितनं.”

“दसरा माज्यासाटी थांबतूय व्हय?” त्या हसून म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, “सोपाना, ने बाबा ह्यांस्नी. गाडी चुकली तर शेटच्या चिक्कूंचं कोन बगनार?”

त्यानंतर दोन-चार दिवसांतच त्या रात्रीतून गेल्या. पहाटेच्या गाडीनं मेव्हणा फाटकाशी आला तेव्हा आबा जाण्याच्या तयारीनं भाकरी फडक्यात बांधत होते. मेव्हण्याचं तोंड त्यांनी एकदा पाहिलं. फडक्याची गाठ मारली, सोडली, परत मारली. पुढं बऱ्याच दिवसांनी मी न राहवून म्हणालो, “आबा, एक रात्र राहिला असतात तर काय झालं असतं?” ते रागावले नाहीत. म्हणाले, “काय झालं आस्तं त्ये मलाबी ठावं न्हाई, सोपाना. त्येच तर.”

तेव्हापासून आबांनी एकच धरलं. आता मला सोडवा. ज्या कुंपणापायी बायकोच्या तोंडात शेवटचं पाणी घालता आलं नाही, त्या कुंपणात मला मरायचं नाही. शीव न सोडवता मेलं तर माणूस तिथंच राहतो, असं आमच्याकडे म्हणतात. दुसऱ्याच्या बंगल्याची राखण करत तिथंच फिरत राहायचं, ना जमिनीचं, ना पाण्याचं... हे त्यांना सोसवत नव्हतं. त्यांना जायचं होतं धरणाच्या काठाला, जिथून खाली गाव आहे.

पाच घरं शोधायला आम्ही निघालो. आबा एक, मी दुसरा, कामशेतचे रामभाऊ तिसरे. पवनेकडे केरूम्हातारा सापडला, तो लगेच तयार झाला. पाचवा मुंबईत गिरणीत असलेला लक्ष्मण. दिवाळीनंतर, आबा मोकळे असताना, आम्ही दोघं त्याच्या खोलीवर गेलो. तो पाळी संपवून नुकताच टेकला होता, केसांत कापूस.

“कुटली शीव, आबा?” तो म्हणाला. “शेटच्या चिक्कूला शीव? येका दिवसाच्या रजेसाटी जॉबरच्या पाया पडावं लागतंय मला. त्ये चिक्कूसाटी पडू?”

“चिक्कूसाटी न्हाई रं, लक्षुमना. माज्यासाटी पड.”

लक्ष्मणानं केसांतला कापूस ओढून काढला. मग म्हणाला, “पुडल्या चैतात येतो. जावा तुमी.”

आणि तो आला, बरं का. चैतात लक्ष्मण आला, केरू आला, रामभाऊ आले. आबा धरून चौघं फाटकाशी उभे राहिले. पाचवं घर माझं होतं. आणि माघातच आमच्या रेल्वेच्या तुकडीला लढाईसाठी बोटीवर चढवलं होतं. कुठं नेताहेत, किती दिवसांसाठी, तेही सांगितलं नाही. माझ्या घरात दुसरा पुरुष नव्हता. चौघांनी भाकऱ्या खाल्ल्या, तंबाखू मळली आणि आलेले तिघं संध्याकाळच्या गाड्यांनी आपापल्या ठिकाणी गेले. लक्ष्मण पुन्हा कधी आला नाही. केरूम्हातारा त्या सालीच गेला. त्याचा मुलगा कुठं आहे ते कुणी सांगत नाही.

मलायात उतरलो आणि वर्षभरात सगळी फौज शरण गेली. जपान्यांनी आम्हाला तारांच्या आत कोंडलं. आमच्यातले इंग्रजी जाणणारे त्या तारांनाही कंपौंडच म्हणत. अमक्या कंपौंडात पटकी झाली, तमक्या कंपौंडातलं रेशन तोडलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बोलणाऱ्याला तो शब्द परत म्हणायला लावला. चिक्कूची झाडं आठवली, ओला ओटा आठवला. आमच्यात साळवी मास्तर म्हणून फौजी दवाखान्यातले एक कारकून होते, रत्नागिरीकडचे, पुष्कळ वाचन असलेले. मी त्यांना विचारलं, हा एकच शब्द शेठच्या बागेलाही आणि याही जागेला कसा? उपाशी पोटी त्यांना बोलायला विषय हवाच असायचा. म्हणाले, “सोपानराव, हा शब्द इथलाच. आपण त्याच्या माहेरी येऊन कैदेत पडलोय.”

ते सांगत ते असं. मलायी भाषेत कांपोंग म्हणजे गाव, किंवा एका जातीच्या लोकांची एका ठिकाणची वस्ती. जुन्या काळी इंग्रज व्यापारी या बेटांवर मसाल्यासाठी यायचे. त्यांनी तो शब्द उचलला आणि आपल्या वखारीभोवतीच्या बंदिस्त आवाराला लावला. तिथून तो मद्रासेकडे आला, कलकत्त्याकडे गेला, बंगल्याभोवतीची जागा झाला. काहीजण तो पोर्तुगीज शब्दावरून आला म्हणतात, पण मास्तरांना ते पटत नव्हतं. त्यांचा एक चुलता आफ्रिकेत होता. तिकडे खाणीतल्या काळ्या मजुरांना काम संपेपर्यंत ज्या आवारात कुलपात ठेवतात, त्यालाही कंपौंडच म्हणतात, असं तो लिहायचा. आणि आता ह्या तारा. मी झोपताना त्याचाच विचार करायचो. एवढे समुद्र ओलांडताना त्या शब्दातलं गाव वाटेत कुठंतरी सांडलं. लोणावळ्याला नुसतं कुंपण पोचलं.

कैदेतून सुटलो. परतीच्या बोटीची वेळ आली तेव्हा मी तापात होतो, बोट गेली. इथल्या रेल्वेला माणसं हवी होती, त्यांनी ठेवून घेतलं. मग मी खरा कांपोंग पाहिला. नारळीच्या सावलीत खांबांवर उभी केलेली घरं, खाली कोंबड्या, म्हाताऱ्या पायरीवर बसून एकमेकींच्या उवा काढताहेत. कुंपण म्हणाल तर कुठं कुठं जास्वंद. आमच्या यार्डातला एक मलायी ड्रायव्हर रजा मिळाली की म्हणतो, ‘बालिक कांपोंग’, गावी निघालो. ते म्हणताना त्याचा चेहरा असा होतो की मी दुसरीकडे बघतो.

मला वाटलं, आबांना हे कळवावं. त्यांना बरं वाटेल. तुम्ही चूक केली नाही, तो शब्द मुळात गावाचाच होता, तुम्ही गावालाच शीव बांधलीत, असं काहीबाही मी लिहिलं. माझ्या तिसरीच्या अक्षरात चार पानं भरली. आबांनी शेजारच्या बंगल्यातल्या ड्रायव्हरकडून उत्तराचं कार्ड लिहवलं. त्यात होतं, ‘गावाला कुलूप नसतं. बाकी सर्व ठीक. तू कधी येतोस?’

ते कार्ड आलं आणि पाठोपाठ रामभाऊंचं हे पत्र.

पावसाळ्यात बंगल्याच्या फाटकाला साखळी आणि कुलूप असतं, किल्ली मुनीमाकडे; माळ्यानं मागच्या भंग्याच्या वाटेनं यायचं-जायचं. आबा पडून आहेत हे रामभाऊंना कळलं ते राहीमावशीकडून. ती शेठच्या गायीसाठी गवत आणायची. आत यायची नाही, आणि आबांनीही तिला कधी आत बोलावलं नव्हतं. भारा तारेवरून टाकायचा, मग ती त्या बाजूला, आबा या बाजूला, मधून तंबाखूची देवघेव. आक्का गेल्यानंतर आबांशी रोज दोन शब्द बोलणारं तेवढंच माणूस उरलं होतं. ती पायी कामशेतला गेली, रामभाऊंना घेऊन आली. ते पोचले तेव्हा आबा गेलेले होते. मुनीम म्हणाला, शेठना तार करतो, त्यांचं उत्तर येईपर्यंत फाटक उघडणार नाही. घाई असेल तर भंग्याच्या वाटेनं मागून न्या. रामभाऊ ओट्यावर बसून रडायला लागले. म्हणाले, “न्यायचं कसं, मावशी? शीव सुटल्याबगार कसं न्यावं? पाच घरं कुटनं आनू? मी येकटाच हाय.”

“मी हाय न्हवं,” राहीमावशी म्हणाली.

“तू? तुजं घर गावात कुटं व्हतं?”

“शिवंवर व्हतं. शीव काय गावाभाईर आस्ती व्हय? पानी आलं तवा पयलं आमच्याच उंबऱ्याला लागलं. वर चडलो म्हनून वरचे झालो आमी. कंपनीवाल्यांनी तुमाला मोजलं तरी. आमाला कुनी इचारलंबी न्हाई.” ती तशीच डोंगर चढून गेली आणि वाडीतले बाप्ये घेऊन उतरली. “ही चार घरं आन् तू. मोज.”

रामभाऊंनी मोजली. पाच झाली.

ठाकरवाडीच्या माणसांनी आबांना खांद्यावर घेतलं आणि पावसात त्या कंपौंडाला उलटा वळसा घातला. पुढं राहीमावशी. बाईमाणसानं पुढं चालायचं नसतं, पण रामभाऊ म्हणतात, तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही. चारी कोपरे झाल्यावर सगळे म्हणाले, “गाव सुटलं.” मग फाटकाकडे न जाता धरणाच्या अंगाला तिनं कोयत्यानं घायपात तोडला, तार वाकवून पाडली. मुनीम छत्री घेऊन धावत आला, “अगं, तार तोडली! शेठना मी काय सांगू?”

“सांग, ढोर घुसलं व्हतं,” ती म्हणाली, आणि आबा बाहेर पडले.

धरण काठोकाठ भरलं होतं, लाकडं ओली. वाडीतल्या लोकांनी आपल्या खोपटांतली कोरडी लाकडं काढून आणली. पावसाळ्याच्या मध्यात घरातली कोरडी लाकडं देणं म्हणजे काय, ते मावळातला माणूस जाणतो.

रामभाऊंनी शेवटी लिहवलं आहे, ‘तार दुसऱ्या दिवशी नीट केली. आउटहौसात नवा माळी आला. आबा सुटले का नाही ते मला सांगता येत नाही. जुनी माणसं त्या वाडीला गावात धरत नव्हती. तू काय म्हणतोस ते कळव.’

मी काय म्हणणार... समजा सुटले. आक्का तर परत येणार नाहीत. गावावर चार पुरुष पाणी उभं आहे ते उतरणार नाही, आणि आम्ही उरलेले दोघं-तिघं मेलो की गाव म्हणायलाही कुणी नसेल. मी इथं रोज दिवे लागायची वेळ झाली की यार्डातून धावत सुटतो. खोलीवर माझी वाट बघणारं कुणी नाही, मला कुणी बांधलेलं नाही, तरी सूर्य कलला की पाय आपोआप उचलतात. आबांचंच पाहून पाहून ते पायांत शिरलं. फायरमन हसतो. त्याला काय सांगू?

पण रामभाऊ, तुम्ही विचारलंत म्हणून गावातल्या एका घराच्या हक्कानं सांगतो. मोजणी बरोबर झाली. आधीची चुकलेली होती.

आणि राहीमावशी, हे तुला कुणीतरी वाचून दाखवेल असं धरून लिहितो. मी येईन असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. बोट कधी मिळेल, तोवर मी असेन का, तू असशील का, काही ठाऊक नाही. पण तुझी वेळ येईल तेव्हा वाडीतल्यांनी घरं मोजताना माझं एक घर धरावं. मी जिवंत असलो तर तुला खांदा द्यायला येईन. आणि मी पोचायच्या आतच तू गेलीस, तर डोंगर चढून तुझ्या राखेच्या जागेला एक वळसा घालीन, पण हे फेडीन.